बर्थ, चार्ट आणि मधली स्थानके

लांब पल्ल्याच्या प्रवासाच्या साधनांची तुलना बहुधा लागणारा वेळ आणि दारापर्यंतची सोय या दोन मापांनी केली जाते, आणि मुंबई ते कोकण-गोवा या मार्गापुरते बोलायचे तर या दोन्ही मापांत रेल्वेगाडी पहिली येत नाही. विमान मुंबईहून गोव्यात सव्वा तासाच्या आसपास उतरते, एसटी गावाच्या फाट्यापर्यंत आणि पुष्कळदा थेट गावात नेऊन सोडते, तर खासगी शयन-बस उपनगरातल्या नाक्यावरून माणसाला सामानासकट उचलते. ही तिन्ही साधने गेल्या काही वर्षांत अधिक सोयीची झाली असतानाही रेल्वेची प्रतीक्षायादी आखडलेली नाही. भाडे कमी आहे हे तिचे एक कारण खरेच. पण ते एकमेव नाही, आणि उरलेली कारणे वेळापत्रकावरून जितकी कळतात त्याहून अधिक डब्यात काम करणाऱ्या माणसाला रोज दिसतात.

हा माणूस म्हणजे प्रवासी तिकीट तपासनीस, ज्याला प्रवासी सरसकट ‘टीसी’ म्हणतात. तो गाडीबरोबर जातो, त्याच्याकडे साधारणपणे दोन-तीन आरक्षित डबे सोपवलेले असतात, आणि ठरलेल्या स्थानकावर दुसऱ्या तपासनीसाच्या हाती ते सोपवून तो विश्रामगृहात काही तास काढून परतीच्या गाडीने निघतो. विनातिकीट प्रवाशाकडून दंड वसूल करणे हा त्याच्या कामाचा लोकांच्या नजरेत भरणारा भाग असला, तरी त्याचा बहुतेक वेळ जातो तो जागांची व्यवस्था लावण्यात, आणि ही व्यवस्था गाडी सुटताना एकदा लावून संपत नाही, तर प्रत्येक थांब्यावर नव्याने लावावी लागते, हे या कामात मुरलेल्या कोणालाही पहिल्या काही महिन्यांतच उमगते.

विमानातील आसन आणि गाडीतील बर्थ यांतला मूळ फरक येथेच आहे. विमानातले आसन एका उड्डाणात एकाच प्रवाशाचे असते, आणि खासगी शयन-बसमधली जागाही बहुधा मुंबईहून शेवटच्या ठिकाणापर्यंत एकाच माणसाला दिलेली असते. गाडीतला एकच बर्थ मात्र रात्रीतून दोन-तीन प्रवाशांचा होऊ शकतो : पनवेलला चढलेला प्रवासी चिपळूणला उतरतो, त्याच जागेवर रत्नागिरीला दुसरा चढतो, आणि तो कुडाळला उतरल्यावर थिवी किंवा मडगावपर्यंत तिसरा कोणी तेथे बसतो. आरक्षण तक्ता, म्हणजे ज्याला रेल्वेत सगळे ‘चार्ट’ म्हणतात, तो पूर्वी डब्याच्या दाराशी चिकटवलेला आणि तपासनीसाच्या हातात छापील असे. आता तो हातात धरायच्या यंत्रावर, बोलीभाषेत टॅबवर, असतो. त्यात प्रत्येक बर्थपुढे प्रवाशाचे नाव, वय, चढण्याचे आणि उतरण्याचे स्थानक असा मजकूर असतो. हा चार्ट नीट वाचला तर त्यात नुसत्या नावांची यादी दिसत नाही, तर मुंबई आणि मडगाव यांच्या मधला सगळा मुलूख कोणत्या स्थानकावर किती जागा मागतो हे दिसते.

ही मागणी मात्र सगळी पुरी होत नाही, कारण गाडीतल्या जागा आरंभीच निरनिराळ्या हिश्शांत वाटलेल्या असतात आणि अशा प्रत्येक हिश्शाला कोटा म्हणतात. गाडी जेथून निघते तेथपासून शेवटपर्यंत किंवा शेवटाच्या जवळपासपर्यंत जाणाऱ्यांसाठी सर्वसाधारण कोटा असतो आणि तो सर्वांत मोठा असतो; मधल्या काही महत्त्वाच्या स्थानकांसाठी दूरस्थ स्थानक कोटा असतो, जो लहान असतो; आणि मधल्याच दोन स्थानकांदरम्यान जाणाऱ्या अनेकांसाठी मिळून एक सामाईक कोटा असतो, जो त्याहून तोकडा असतो. प्रतीक्षायादीही त्या त्या कोट्याची वेगळी चालते. त्यामुळे सर्वसाधारण यादीतला पन्नासावा प्रवासी कधी कधी पक्की जागा मिळवतो आणि सामाईक यादीतला दहावा प्रवासी मात्र चार्ट लागेपर्यंत तिष्ठत राहतो, ही गोष्ट प्रवाशाला अन्यायाची वाटते आणि ती त्याला समजावून सांगण्यात तपासनीसाचा बराच श्वास खर्च होतो. जाणते प्रवासी यावर स्वतःच तोड काढतात. कणकवलीला उतरणारा माणूस तिकीट मडगावचे काढतो, जास्तीचे भाडे सोसतो आणि मोठ्या कोट्यातली जागा पदरात पाडून घेतो. कणकवलीपुढे तो बर्थ कागदोपत्री भरलेला आणि प्रत्यक्षात रिकामा धावतो, आणि तपासनीस ती नोंद करून दुसऱ्या कोणाला जागा देईपर्यंत तो तसाच राहतो. असे रिकामे बर्थ सकाळच्या उन्हात मळगावच्या सावंतवाडी स्थानकापुढे जितके दिसतात, तितकेच आदल्या रात्री ठाण्याला आणि पनवेलला जागेसाठी अजिजी करणारे प्रवासीही दिसतात.

बर्थ या वस्तूचे महत्त्व कळण्यासाठी आरएसी या व्यवस्थेकडे पाहणे उपयोगी आहे. आरएसी म्हणजे कोणी तिकीट रद्द केल्यास पक्की जागा मिळेल या अटीवर दिलेले आरक्षण. अशा प्रवाशाला गाडीत चढण्याचा हक्क मिळतो, पण बाजूचा खालचा बर्थ दोघांत वाटून घ्यावा लागतो. तो बर्थ मधोमध दुभंगून दोन समोरासमोरची आसने होतात, आणि पूर्ण बर्थ करायचा झाल्यास दोन्ही पाठी आडव्या पाडून जोडाव्या लागतात, तेव्हा त्यांच्या सांध्याशी पाठीला टोचणारी फट राहते, जिच्यावर जुने प्रवासी घडी केलेली चादर घालतात. तपासनीस डब्यात शिरला की पहिली नजर त्याच्यावर खिळते ती या आसनांवरल्या माणसांची. न आलेल्या प्रवाशाची एक-दोन थांब्यांपर्यंत वाट पाहून त्याची गैरहजेरी नोंदवली की रिकामा झालेला बर्थ क्रमाने आरएसीवाल्याला मिळतो, आणि मग दोन अनोळखी माणसांपैकी एक उठून जातो व दोघांनाही आडवे होता येते. पाठ टेकायला मिळाली याचा जो आनंद त्या क्षणी दोघांच्या चेहऱ्यावर उमटतो तो आसनाच्या रुंदीची आकडेवारी देऊन सांगता येत नाही.

आडवे होता येणे हीच लांब पल्ल्याच्या गाडीची खरी मोठी देणगी होय, असे या कामाच्या अनुभवावरून ठामपणे म्हणता येते. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांच्या बर्थवर दोन इंच जाडीची गादी बसवण्यास सुरुवात झाली, आणि केवळ दुसऱ्याच वर्गाचे डबे असलेली मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेसही त्याच काळात, १९७७ च्या डिसेंबरात, धावू लागली. दंडवते राजापूर मतदारसंघाचे खासदार होते, म्हणजे ज्या भागातून मुंबईला जायला त्या वेळी रेल्वे नव्हतीच अशा भागाचे प्रतिनिधी होते. दोन इंच गादीने कोणत्याही गाडीचा वेग वाढला नाही. पण सामान्य माणसाच्या प्रवासाचा दर्जा जितका त्या एका निर्णयाने उंचावला तितका नंतरच्या कोणत्याही एका निर्णयाने उंचावला असेल असे वाटत नाही. आज वातानुकूलित डब्यांच्या आणि नव्या गाड्यांच्या चर्चेत या निर्णयाची आठवण फारशी काढली जात नाही, हे खटकते.

रात्रीच्या गाडीचा वेळही याच दृष्टीने मोजायला हवा. रात्री अकराच्या सुमारास मुंबई सोडणारी कोकणकन्या चिपळूणला उजाडण्यापूर्वी, रत्नागिरीला पहाटे आणि कणकवली-कुडाळला सकाळी पोहोचते. म्हणजे प्रवासाचे आठ-नऊ तास झोपेच्या तासांतून वळते होतात आणि माणसाचा कामाचा दिवस खर्ची पडत नाही. विमानाचा सव्वा तास मात्र दिवसातूनच जातो, आणि डोंबिवली किंवा विरारला राहणाऱ्याने घर सोडल्यापासून विमानतळ, तपासणी, प्रतीक्षा, उतरल्यावरचा रस्ता अशी बेरीज केली तर तो सहज पाच-सहा तासांचा होतो. त्यातही विमान माणसाला नेते ते गोव्यातील मोपा किंवा दाबोळी येथे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला विमान जवळ आले हे खरे, पण खेड, संगमेश्वर किंवा राजापूरच्या माणसाला त्याचा जवळपास काहीच उपयोग नाही. दोन टोके जोडण्यात विमानाचा हात कोणी धरू शकत नाही, आणि मुंबई-दिल्ली किंवा पुणे-कोलकाता अशा अंतरांवर ज्याला परवडते त्याने विमानाने जावे यात दुमत होण्याचे कारण नाही. मधला मुलूख मात्र विमानाच्या हिशेबात येतच नाही.

मधल्या मुलुखाचे खरे साधन पूर्वीपासून एसटी हेच आहे. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या सेवेने रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी कोकणातल्या वाड्या मुंबईशी जोडल्या, आणि आजही रेल्वे स्थानक ते गाव हा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी एसटीच पुरा करते, कारण कोकण रेल्वेची अनेक स्थानके गावापासून चार-सहा किलोमीटर दूर, रेल्वेला सोयीच्या उंचीवर, बांधलेली आहेत. भाड्याच्या बाबतीतही एसटीने अलीकडे मोठी सवलत दिली : ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. रेल्वेने मात्र ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती पुन्हा सुरू केलेली नाही. निव्वळ पैशाचा विचार केला तर वृद्ध माणसे आणि स्त्रिया रात्रीच्या गाडीतून कमी व्हायला हव्या होत्या. तशा त्या झाल्याचे डब्यात दिसत नाही, आणि याची कारणे प्रवाशांशी बोलताना दोनच पुढे येतात : पाय पसरता येतात आणि शौचालय जवळ असते. मधुमेही माणसाला, गरोदर बाईला किंवा गुडघे धरलेल्या आजीला बस पुढच्या थांब्यावर कधी उभी राहील याची वाट पाहत बसावे लागणे ही साधी गैरसोय नव्हे. अशी कित्येक माणसे बसने निघण्याच्या आधीपासून पाणी पिणे सोडतात.

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांनाही रेल्वेच बरी वाटते, आणि यामागे बांधणीचे कारण आहे. रोह्यापासून कर्नाटकातील ठोकूरपर्यंतचा कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग आखताना त्याचा चढ दीडशेला एक याहून तीव्र ठेवलेला नाही, म्हणजे दीडशे मीटर पुढे गेल्यावर एका मीटरची चढण. सह्याद्रीच्या पायथ्याच्या उंचसखल मुलुखात हे साधायचे तर डोंगर पोखरावे आणि दऱ्या ओलांडाव्याच लागतात. म्हणूनच या मार्गावर ९१ बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल आहेत, त्यांत साडेसहा किलोमीटरांचा करबुडेचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल हे विशेष. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली हे काम तडीस नेले आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग प्रवाशांना खुला झाला. या खर्चिक मार्गाची भरपाई म्हणून येथे भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरले जाते, ही गोष्ट तिकिटावरचे किलोमीटर पाहून चकित होणाऱ्या प्रवाशाला क्वचितच ठाऊक असते. इतके करूनही शयनयानाचे, म्हणजे वातानुकूलन नसलेल्या स्लीपर डब्याचे, भाडे खासगी शयन-बसपेक्षा बहुधा खूपच कमी पडते, आणि शयनयानात चाळीस किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. एप्रिल-मे महिन्यांत परतणाऱ्या कुटुंबाच्या बर्थखाली आंब्याच्या पेट्या, फणस, कोकमाच्या बाटल्या आणि तांदळाचे गाठोडे एकावर एक रचलेले असते. विमानात बहुतेक कंपन्या साधारण पंधरा किलो सामान देतात, आणि गावाहून निघणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते कपड्यांतच संपते.

गाडीचे दोषही याच मार्गावर ठळक दिसतात. रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर मार्ग मुख्यतः एकेरी आहे, म्हणजे समोरून येणारी गाडी स्थानकात येईपर्यंत दुसरीला थांबून राहावे लागते, आणि या थांब्याला क्रॉसिंग म्हणतात. एका गाडीला झालेला उशीर त्यामुळे दुसऱ्या दिशेच्या गाडीलाही भोवतो. पावसाळ्यात तर वेळापत्रकच वेगळे असते. दरडींच्या भयाने गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाल्यास तो ताशी ४० किलोमीटरांवर आणला जातो. वैभववाडीजवळ जून २००३ मध्ये आणि करंजाडीजवळ जून २००४ मध्ये झालेल्या अपघातांनंतर ही खबरदारी अधिक कडक झाली. पावसाळ्याच्या रात्री डब्यातली माणसे झोपलेली असताना रुळांच्या कडेने हातात दिवा घेऊन गस्त घालणारा कर्मचारी गाडीला दिवा दाखवतो आणि गाडी पुढे जाते. दाराशी उभ्या तपासनीसाला तो क्षणभरच दिसतो, पण त्या रात्रीच्या प्रवासाची सगळी भिस्त त्याच्या पायांवर असते. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड कोसळून मार्ग बंद पडला तेव्हा अडकलेल्या प्रवाशांना पुढे पाठवण्यासाठी एसटीच्या गाड्या बोलवाव्या लागल्या होत्या. साधने एकमेकांची स्पर्धक आहेत असे मानून आखणी करणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवायला हवा.

गाडीतल्या प्रवासाला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे जागेबाबत प्रवाशांनी आपसांत केलेली तडजोड. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात उघडायचा हा नियम आहे, पण नियमाआधीच डब्यात बोलणे झालेले असते : “आईला वर चढवत नाही, तुमची खालची सीट देता का?” असे कोणी विचारतो, समोरचा तरुण काही न बोलता आपली बॅग वर टाकतो, आणि तपासनीस येतो तेव्हा चार्टमधली नावे आणि प्रत्यक्षातली माणसे यांचा मेळ उरलेला नसतो. तपासनीसाने यात पडू नये हे उत्तम. अशी अदलाबदल त्याने मनातल्या मनात नोंदवून पुढे जावे. चिपळूणला उतरणारे चार-पाच जण “साहेब, चिपळूणला उठवा हो” असे सांगून झोपतात. गाढ झोपलेल्या माणसाला उठवणे हे तपासनीसाच्या कर्तव्यांच्या यादीत नाही, तरी अनेक तपासनीस ते बर्थ क्रमांक चिठोऱ्यावर लिहून खिशात ठेवतात आणि स्थानक येण्याआधी डब्यातून एक फेरी मारतात. विमानात आणि बसमध्ये असा विश्वास टाकण्याची वेळ सहसा येत नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी येणारे रुग्ण या सगळ्या विचारात केंद्रस्थानी ठेवले पाहिजेत. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. केमोथेरपी घेऊन परतणारा रुग्ण बसच्या धक्क्यांत बसू शकत नाही, विमानाचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि त्याचे गाव विमानतळापासून दूर असते. खालच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून निजलेला असा रुग्ण आणि त्याच्या पायाशी रात्रभर बसलेले माणूस हे दृश्य या मार्गावरच्या तपासनीसाला अनोळखी नाही. तपासनीसाच्या हाती अशा वेळी एवढेच असते की रिकामा झालेला बर्थ नियमात बसेल तितक्या लवकर त्या सोबतच्या माणसाला द्यावा.

गणपतीच्या दिवसांत मागणीचा खरा आकार उघडा पडतो. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, आणि चतुर्थीच्या आधीच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात. जादा गाड्या सोडल्या जातात, त्याही भरतात. आणि ज्यांना जागा मिळत नाही असे चाकरमानी सामान्य डब्यात दाराच्या पायरीपर्यंत उभे राहून किंवा महामार्गावरच्या कोंडीत बसमध्ये रात्र काढून गाव गाठतात. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत धावते आणि तिने दिवसा जाऊ इच्छिणाऱ्या व भाडे परवडणाऱ्या प्रवाशांची चांगली सोय झाली आहे. पण ती बसून जाण्याची गाडी आहे, थांबे मोजके आहेत, आणि रात्री आडवे होऊन स्वस्तात जाणाऱ्याचा प्रश्न तिने सुटत नाही. नव्या बांधणीच्या डब्यांबरोबर अनेक गाड्यांत शयनयान डब्यांची संख्या घटून वातानुकूलित डबे वाढले, हा बदल सुखसोयीच्या नावाने झाला असला तरी तो कोकणातल्या बहुसंख्य प्रवाशांच्या गरजेशी विसंगत आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

दीडदोनशे किलोमीटरपर्यंत एसटी, हजारबाराशे किलोमीटरच्या पुढे घाई असल्यास विमान, आणि या दोहोंच्या मधल्या अंतरावर रात्रीची शयनयान गाडी अशी विभागणी कामाच्या अनुभवातून सर्वांत व्यवहार्य ठरते. तिच्यासाठी लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीत शयनयान आणि सामान्य डबे पुरेसे राहिले पाहिजेत, आणि मधल्या स्थानकांचा कोटा जुन्या वाटणीवर न ठेवता प्रत्यक्ष चढउतारीवरून दरवर्षी नव्याने ठरवला पाहिजे. त्यासाठी वेगळी पाहणी करण्याची गरज नाही. कोणत्या बर्थवरचा प्रवासी आला, कोणता आला नाही आणि रिकामी जागा कोणाला दिली, याची नोंद तपासनीसाच्या टॅबवर रोज रात्री होतच असते.